फोल्कमार क्योलरची भट्टी

फोल्कमार क्योलरचा आपल्या आडनावावर किती जीव आहे, हे त्याला स्वतःला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेसुद्धा आडनाव घरातून चाललंय असं ऐकल्यावर. मे महिन्यातला रविवार होता. मुलगा फाल्क आणि त्याची होणारी बायको योसेफीने जेवायला आले होते. झिग्रुनने, म्हणजे फोल्कमारच्या बायकोने, बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी केला होता. दुसऱ्या गोळ्यावर रस्सा ओतता ओतता फाल्क म्हणाला, "बाबा, तारीख मिळाली. वीस जून, शुक्रवार, सकाळी अकरा. आणि लग्नानंतर आम्ही दोघंही मॉर्गनरोट होणार."

फोल्कमारच्या काट्यावरचा गोळा काट्यावरच राहिला.

"दोघंही म्हणजे?"

"म्हणजे मीपण. कुठलं आडनाव घ्यायचं ते आमच्यावर असतं ना! लग्न लावणाऱ्या बाईंसमोर सांगायचं, सही करायची, झालं."

"झालं कसं? आणि क्योलर?"

"बाबा, आमच्या भूमापन कचेरीत चार क्योलर आहेत. त्यातले दोन फाल्क क्योलर! परवा त्या दुसऱ्याच्या आतड्याच्या तपासणीचं बोलावणं माझ्या टेबलावर आलं. सगळ्या मजल्याने वाचलं. अजून लोक मला विचारतात, आता बरं वाटतं का."

योसेफीने हळूच म्हणाली, "आमच्याकडे आम्ही तिघी बहिणी. आजी म्हणते, मॉर्गनरोट माझ्यासोबतच संपणार." मुलगी फार गोड होती. तिच्यावर चिडता येत नव्हतं, आणि त्यामुळे फोल्कमारला जास्तच चीड आली.

आता खरं सांगायचं तर फाल्कचं काही चूक नव्हतं. थुरिंगियातल्या त्या गावात फोनच्या जुन्या पुस्तकात क्योलर सव्वा पान होते. दवाखान्यात नर्सने "क्योलर!" म्हणून हाक मारली की तिघं उठायचे आणि दोघं पुन्हा बसायचे. साऱ्या देशात मोजलं तरी हे आडनाव पहिल्या पन्नासात सहज बसतं. क्योलर म्हणजे कोळसा पाडणारा. जंगलात लाकूड रचायचं, मातीने झाकायचं, आतल्या आत धुमसू द्यायचं आणि आठवडाभर त्याच्या बाजूला बसून राहायचं, हा त्याचा धंदा. लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागे, काचेच्या कारखान्यांना लागे, त्यामुळे खोऱ्याखोऱ्यात एकेक कोळसेवाला असे. आडनावं पक्की व्हायची वेळ आली, तेव्हा प्रत्येक खोऱ्यातला कोळसेवाला क्योलर झाला. एकमेकांशी नातं नाही, गोतं नाही, तोंडं मात्र सगळ्यांची सारखीच काळी. आपल्याकडे गावागावात पाटील जसे सापडतात, तसंच हे. पुढे दगडी कोळसा आला, धंदा बुडाला, आडनावं तेवढी राहिली. आज त्या गावात दातांचे डॉक्टर आहेत त्यांचं आडनाव मेट्सगर, म्हणजे खाटीक, आणि पेशंट तरीही तोंड उघडतात.

फोल्कमार स्वतः जन्मभर नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर तपासत होता. कोळशाशी त्याचा संबंध फक्त सॉसेज भाजण्यापुरता. पण त्या रविवारी त्याला एकदम पूर्वज आठवले. सोमवारी सकाळीच तो चर्चच्या दफ्तरात जाऊन बसला आणि तीन दिवस जुन्या वह्या चाळून घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. सोळाशे ब्याण्णवपासूनचे सगळे क्योलर सापडले होते. चार चांभार, दोन मोजे विणणारे आणि एक गावचा पहारेकरी, तोही झोपला म्हणून काढून टाकलेला. कोळसा पाडणारा एकही नाही.

"म्हणजे सव्वातीनशे वर्षांत तुमच्या घराण्यात कुणी कोळसा पाडलाच नाही?" झिग्रुनने विचारलं.

"त्याच्या आधी पाडला असेल."

"आणि आता?"

"आता मी पाडणार," फोल्कमार म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून अचानकच निघालं होतं. पण निघाल्यावर त्याला ते भलतंच आवडलं. लग्नाच्या जेवणाला सॉसेज भाजायची ती आपल्या हातच्या कोळशावर. मुलगा बघेल, आडनावात काय दम आहे ते त्याला कळेल, आणि सही करताना हात थबकेल. बेत साधा होता. सगळे बेत सुरुवातीला साधेच असतात.

भट्टी लावायची कुठे? तर बागेत. गावाबाहेर रेल्वेच्या पलीकडे छोट्या छोट्या बागांची वसाहत होती, प्रत्येकाला एक तुकडा, एक खोपटं, एक कुंपण आणि नियमांची चौसष्ट पानी पुस्तिका. शेजारच्या तुकड्यात एकेहार्ड झॉयनर. झॉयनर म्हणजे कुंपण विणणारा. ह्या झॉयनरचं कुंपण गेली अकरा वर्षं फोल्कमारच्या गाजरांवर झुकलेलं होतं, पण सल्ला देताना तो ताठ उभा राहायचा.

"बीचचं लाकूड घे," झॉयनर म्हणाला. "बर्च घेऊ नकोस. बर्चने माझ्या आजोबांचा घात केला."

"आजोबा कोळसा पाडायचे?"

"नाही रे, झाडावरून पडले."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की बर्चच चांगलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, एवढा आटापिटा कशाला, गॅसची शेगडी आण की. थुरिंगियात सॉसेज गॅसवर भाजायचं म्हणजे... जाऊ दे, चार लोकांत बोलायची गोष्ट नाही. फोल्कमार दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

खरी अडचण फ्राउ लांगबाइन. त्या वसाहतीच्या अध्यक्षा. निवृत्त गणिताच्या बाई. पिशवीत कायम घडीची मोजपट्टी, आणि कुंपणाची झुडपं सव्वा मीटरच्या वर बोटभर गेली तरी त्यांना घरी बसून कळायचं.

"हेर क्योलर, भट्टीची उंची किती?"

"दीड मीटर."

"पुस्तिकेत भट्टी नाही. खताचा ढीग आहे. तो एक मीटर वीस. आणि तुम्ही ही लावणार कुठे? नवलकोलाच्या वाफ्यावर? मग तुमच्या बागेचा एकतृतीयांश भाग भाजीपाल्याखाली राहत नाही. चार चौरस मीटर कमी पडतात."

फोल्कमारने मुकाट्याने कुंड्यांमध्ये मुळे आणि सॅलडचा पाला लावला आणि चार चौरस मीटर भरून काढले. उंची एक मीटर एकोणीसवर आणली. फ्राउ लांगबाइननी तरीही मान हलवली. "नगरपालिकेची परवानगी आणा. मग बघू."

नगरपालिकेत फोल्कमार एकतीस वर्षं नोकरीला होता. सगळे ओळखीचे, त्यामुळे काम तिप्पट वेळाने झालं. खिडकीतल्या बाबाने अर्ज उलटून पालटून बघितला.

"फोल्कमार, हे शेकोटीत बसत नाही, कारण ज्वाळा नाही. शेगडीत बसत नाही, कारण वर काही भाजत नाही. कारखान्यात टाकू का? धुराड्याचा नकाशा लागेल."

"धुराडं नाहीये रे. मातीचा ढीग आहे."

"मग एकच खाना उरतो. परंपरेची आग. ईस्टरला पेटवतात तसली. त्यात टाकतो. फक्त दोन अटी आहेत. एक म्हणजे परंपरा सगळ्या जनतेची, तेव्हा फाटक जनतेला उघडं ठेवायचं. दुसरी, जबाबदार व्यक्ती सगळा वेळ जातीने हजर पाहिजे. कुणाचं नाव घालू?"

"क्योलर," फोल्कमार छाती काढून म्हणाला. त्या कागदावर आपलं नाव पहिल्यांदाच आपल्या धंद्यासमोर लागलंय, याचं त्याला असं काही समाधान वाटलं की त्याने तारखेकडे बघितलंच नाही. परवानगी रविवारपासून हवी होती. मिळाली होती मंगळवारपासून.

तो घरी आल्यावर झिग्रुनने बोटं मोजली. "मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. भट्टीला चार दिवस लागतात म्हणालास ना?"

"हो."

"शुक्रवारी अकराला काय आहे?"

फोल्कमार खुर्चीत बसला. शुक्रवारी अकराला त्याच्या मुलाचं लग्न होतं.

शहाण्या माणसाने इथे भट्टी सोडून दिली असती. पण लाकूड येऊन पडलं होतं, रचून झालं होतं, आणि सबंध वसाहतीला माहीत झालं होतं. आता माघार घ्यायची म्हणजे झॉयनरचा चेहरा पाहायचा. फोल्कमारने मंगळवारी सकाळी सहाला मधल्या पोकळीत निखारे सोडले, वरून तोंड बंद केलं, काठीने मातीच्या थराला भोकं पाडली आणि स्टुलावर बसला. भट्टीतून पांढराशुभ्र धूर निघाला. तिच्याकडे बघून त्याचे डोळे भरून आले, त्यातलं निम्मं धुरामुळे.

धूर वाऱ्याबरोबर थेट पलीकडच्या बागेतल्या फ्राउ श्योनेच्या दोरीवरच्या चादरींवर गेला. तिथून लगेच फोन फायर ब्रिगेडला. गाडी आली, उतरलेल्या सहा जणांपैकी दोघं क्योलर निघाले. त्यांनी परवानगी वाचली, भट्टीभोवती फिरले, आणि वसाहतीच्या अरुंद वाटेवर गाडी वळेना म्हणून पाऊण तास तिथेच बसून कॉफी प्यायले.

बुधवारी पेपरात चौकट आली: 'परंपरेची आग, जनतेला मुक्त प्रवेश.' दुपारी निवृत्तांचं पदभ्रमण मंडळ आलं, बावीस जण, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. त्यांना इतिहास ऐकायचा होता, पण त्याआधी केक कुठे मिळतो ते विचारायचं होतं. झिग्रुनने घरी जाऊन चुऱ्याच्या केकची एक परात भाजली. गुरुवारी तिने तीन भाजल्या. "क्योलर म्हणजे कोळसेवाला, मान्य," ती ओव्हनचं दार आपटत म्हणाली. "पण मी लग्नाआधी कुणाची कोण होते, हे कुणी विचारतंय का? माझं माहेरचं नाव श्राइबर. म्हणजे कारकून. मी बसून लिहायला पाहिजे होतं!"

फाल्क रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायचा. आईने पाठवलेला डबा बापाला द्यायचा, कुंपणाला टेकून उभा राहायचा आणि फोनमध्ये बघत असायचा. फोल्कमार जेवता जेवता एकसारखा बोलायचा. बघ, पांढरा धूर म्हणजे लाकडातलं पाणी जातंय. धूर निळा झाला की तिथला कोळसा तयार. वारा ज्या बाजूचा त्या बाजूची भोकं आधी बुजवायची. ढीग कुठे खचला तर एक क्षण दवडायचा नाही, आत हवा शिरली की चार दिवसांचा कोळसा तासाभरात राख.

"हं," फाल्क म्हणायचा. "बाबा, मुळे शिजलेत."

खरंच, भट्टीच्या उबेने कुंड्यांतले मुळे मातीतच उकडले होते.

गुरुवारी संध्याकाळी फोल्कमारने विषय काढला. म्हणजे काढणार नव्हता, पण त्याच्याने राहवलं नाही. "फाल्क, उद्या सही करताना एकदा विचार करशील?"

फाल्कने फोन खिशात ठेवला. "बाबा, माझा विचार झालाय. तिच्या आजीला मी शब्द दिलाय." मग म्हणाला, "तुम्ही येणार ना पण?"

"म्हणजे काय! मी नाही तर कोण येणार?" फोल्कमार म्हणाला आणि त्याने भट्टीकडे बघितलं. वरचा निम्मा भाग निळा धूर सोडत होता. खालचा पांढराच होता. उद्या सकाळी तिला एकटं सोडणं म्हणजे तिचा जीव घेणं, आणि वर परवानगी मोडल्याचा गुन्हा.

शुक्रवारी सकाळी साडेआठला तो झॉयनरकडे गेला. झॉयनर म्हणाला, आनंदाने बसलो असतो, पण धूर मला सोसत नाही. साडेनऊला झिग्रुन निळा पोशाख घालून फाटकाशी आली. हातात फोल्कमारचा सूट.

"फोल्कमार, मी आता एकदाच विचारते. तू मातीच्या ढिगाजवळ बसणार, की मुलाच्या लग्नाला येणार?"

फोल्कमारच्या नाकावर काजळी होती आणि तीन दिवसांची दाढी. तो म्हणाला, "झिग्रुन, ही गेली तर माझ्याजवळ त्याला दाखवायला काही राहत नाही."

"तू तिथे दिसला नाहीस तर त्याला दुसरं काय दिसणार आहे?"

फोल्कमारने फावडं खाली ठेवलं. आणि वळून बघतो तर मागे फ्राउ लांगबाइन उभ्या! हातात मोजपट्टी, काखेत वही.

"सोडून चाललात? जबाबदार व्यक्तीशिवाय?"

"मुलाचं लग्न आहे हो, फ्राउ लांगबाइन. करा काय करायचं ते. बाग काढून घ्या माझी."

"परवानगी मी वाचली आहे," फ्राउ लांगबाइन म्हणाल्या. "तळटीप दोन. जबाबदार व्यक्ती नसल्यास संस्थेच्या अध्यक्षांनी जागा घ्यावी. अध्यक्ष मी आहे." त्यांनी स्टूल रुमालाने पुसलं आणि त्यावर बसल्या. "कशाकडे बघायचं ते सांगा. थोडक्यात."

फोल्कमारला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली, पण तो घाबरला. त्याने धूर समजावला, भोकं समजावली. सूट खोपट्यात चढवला. काजळी नाकावर राहिली ती राहिलीच.

लग्ननोंदणीच्या कचेरीत लग्न लावणाऱ्या बाईंनी छान भाषण केलं. मग त्यांनी विचारलं, "आडनाव कोणतं ठरलं आहे?" फोल्कमार दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याने डोळे मिटून घेतले.

"मॉर्गनरोट," फाल्क म्हणाला. आवाज अजिबात कापला नाही. योसेफीनेची आजी पहिल्या रांगेत हुंदके देऊन रडली. फोल्कमारनेही रुमाल काढला. झिग्रुनने त्याचा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "नाकावरचं पूस." सही झाली. सव्वातीनशे वर्षांचे चांभार, मोजेवाले आणि तो झोपाळू पहारेकरी, सगळे एका शाईच्या रेघेने संपले. फोल्कमारला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तरीही सून त्याच्या गळ्यात पडली तेव्हा त्याला आनंदच झाला. तिच्या पांढऱ्या खांद्यावर एक काळं बोट उमटलं ते वेगळं.

सगळं वऱ्हाड चालत बागेकडे आलं. भट्टीतला कोळसा निवायला आणखी दोन दिवस लागणार होते, हे फोल्कमारच्या हिशेबातून मंगळवारीच निसटलं होतं. झॉयनरने दुकानातून कोळशाची पोती आणून शेगडी पेटवून ठेवली होती. "कोळसा तो कोळसा," तो म्हणाला.

फ्राउ लांगबाइन स्टुलावर ताठ. वहीत दर दहा मिनिटांची नोंद होती: पांढरा, पांढरा, पांढरट, निळसर. फोल्कमार फाटकाशी होता. योसेफीनेची आजी त्याचा हात हातात घेऊन काहीतरी लांबलचक आभार मानत होती. तेवढ्यात भट्टीची झॉयनरच्या बाजूची कूस हळूच खचली आणि फटीतून लाल जीभ बाहेर आली.

"हेर क्योलर!" फ्राउ लांगबाइन ओरडल्या. "हे वहीत कुठल्या रकान्यात?"

फोल्कमार धाव घ्यायला गेला, पण आजी हात सोडेना. फाल्कने योसेफीनेच्या हातात आपला कोट दिला. नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. बोट ओलं करून वारा बघितला. वाऱ्याकडची दोन भोकं बुटाच्या टाचेने बुजवली, मग फावड्याने ओली माती फटीत भरली, वरून फावड्याच्या पाठीने चेपली, पुन्हा भरली, पुन्हा चेपली. पलीकडच्या बाजूला काठीने एकच नवं भोक पाडलं, खाली, जिथे अजून पांढरा धूर होता. लाल जीभ विझली. निळा धूर सरळ वर गेला.

झॉयनरच्या चिमट्यातलं सॉसेज जळलं तरी त्याला कळलं नाही.

फोल्कमार कसाबसा पोचला. "तुला... तुला हे कुणी शिकवलं?"

"बाबा, तीन दिवस जेवताना तुम्ही दुसरं काही बोललात का?" फाल्कने मनगटाने कपाळ पुसलं आणि कपाळ काळं केलं. "खालची बाजू संध्याकाळपर्यंत होईल. मग सगळी भोकं बंद. बरोबर ना?"

"बरोबर," फोल्कमार म्हणाला.

फ्राउ लांगबाइन चष्मा सावरत पुढे आल्या. "वहीत लिहायचंय. आता जबाबदार व्यक्ती कोण? पूर्ण नाव."

फाल्कने बापाकडे बघितलं. फोल्कमारने पेन्सिल त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच लिहिलं: मॉर्गनरोट, फाल्क. खाली सही केली. मग सूटसकट झॉयनरच्या आरामखुर्चीत पाय पसरले आणि झिग्रुनला म्हणाला, मला कुणी उठवू नका. मंगळवारनंतर त्याला पहिल्यांदाच झोप लागली, आणि सॉसेज तयार झाली, भाषणं झाली, तिथल्या लग्नातल्या रिवाजाप्रमाणे नवरानवरीने एकाच करवतीने ओंडका कापला, तरी तो खुशाल घोरत होता.